लिफ्टवर शहाणी, जमिनीवर वेडी

आत्याला गाडी चालवता येत नाही, म्हणून ती नुसती गाड्या थांबवायचं काम करते, अशी बातमी गल्लीत बरीच वर्षं फिरते आहे. बातमीचा उगम समोरचा टायरवाला. ती सांगताना तो आधी डावीकडे बघतो, मग उजवीकडे, मग आवाज खाली आणतो, आणि मग इतक्या हळू सांगतो की चौकातल्या माणसालाही स्पष्ट ऐकू जावं. "तीनदा नापास झाल्या हो बाई. तेव्हापासून ब्रेकच्या मागे लागल्यात. मी आपलं सांगितलं हां, माझं नाव नको."

साफ खोटं. आत्याकडे लायसन्स आहे, पहिल्या फटक्यात मिळालेलं. ती रोज गाडी चालवते. वर्कशॉपच्या दारापासून गल्लीच्या टोकाच्या भिंतीपर्यंत, आणि तिथून परत. ब्रेकचं काम झालेली एकही गाडी या फेरीशिवाय मालकाच्या हातात जात नाही. जाताना चारशे पावलं, येताना चारशे. तीस वर्षांचे हे तुकडे एकापुढे एक जोडले तर आत्या कुठल्या कुठे जाऊन आली असेल. पण भिंतीच्या पलीकडे तिने कधी कुणाची गाडी नेली नाही. "भिंतीपर्यंत गाडी माझी," ती म्हणते. "पुढे मालकाची." त्या एवढ्याशा अंतरात ती सात वेळा ब्रेक मारते, कधी हलके, कधी छातीत धस्स होईल असा. ते बघून ही बाई अजून शिकतेय असं टायरवाल्याला वाटलं असेल, तर त्याचं अगदीच चुकलं असंही नाही.

खरी आत्या ती एकाच मुलीची. ती मुलगी म्हणजे तिच्या थोरल्या भावाची लेक, आणि हे लिहिणारी तीच. पण गल्लीत सगळेच तिला आत्या म्हणतात. तिच्यापेक्षा वयाने मोठी, टक्कल पडलेली माणसंही "आत्या, जरा बघा हो" म्हणत दारात उभी राहतात. फक्त दोन माणसं म्हणत नाहीत. थोरला भाऊ, म्हणजे दादा, तिला पन्नाशी उलटली तरी "छोटी" म्हणतो. आणि वडील, आप्पा, काहीच म्हणत नाहीत. ते नुसतं "ऐक" म्हणतात, आणि ते कुणाला म्हणालेत हे घरात बरोबर कळतं.

वर्कशॉप एकच, लांबच्या लांब खोली. रस्त्याच्या बाजूला दादाचं इंजिनांचं काम, मध्ये आत्याचे ब्रेक, आणि अगदी मागे, खिडकीपाशी, आप्पांचं टेबल. आप्पा जुने कॅलिपर पुन्हा उभे करतात. कॅलिपर म्हणजे चाकामागचा लोखंडी पंजा. पेडल दाबलं की तेलाच्या जोरावर त्याचा पिस्टन पुढे येतो आणि चाकाबरोबर फिरणारी चकती आवळली जाते. गंजून गच्च बसलेला पंजा आप्पांकडे जातो, तो सुटा होतो, घासला जातो, नवं रबरी सील घेतो आणि परत येतो तेव्हा त्याची त्यालाच ओळख पटत नाही. सीलं आप्पा चष्म्यांच्या जुन्या डब्यांत ठेवतात. मापाप्रमाणे अकरा डबे. कुठल्या डब्यात काय, ते कुठे लिहिलेलं नाही.

यंदा आप्पांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. चार महिने टेबल बंद होतं. पट्टी सुटल्यावर ते पहिल्यांदा टेबलाशी आले, एक जुना कॅलिपर उचलला आणि म्हणाले, "गंज एवढा लाल असतो? इतकी वर्षं कुणी बोललं नाही मला."

सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. त्यांना आता सगळंच दिसायला लागलं होतं. पूर्वी पिस्टनच्या घरात, सिलिंडरच्या आत, बोट फिरवून ते सांगायचे की हा चालेल, हा टाका. आता बोट म्हणायचं चालेल आणि डोळे म्हणायचे, तो बघा ओरखडा. "डोळे फार मध्ये मध्ये बोलतात," ते आत्याला एकदा म्हणाले. बाकी कुणाला नाही.

आणि मग एका जेवणात, ताटावरून मान वर न करता, त्यांनी निकाल लावून टाकला. "ही पहिली जोडी करतोय. बसली तर मी बसतो. नाही बसली तर टेबल उचला. दादाला तिथे कंप्रेसर ठेवायचाय."

"अहो, मी एकदाच म्हटलं होतं," दादा पुटपुटला.

"एकदा म्हटलेलं ऐकू येतं मला. कानाचं ऑपरेशन नाही झालेलं."

ती पहिली जोडी काटेवाल्यांच्या व्हॅनची होती.

काटेवाले दुकानादुकानांत जाऊन वजनकाटे तपासतात. व्हॅनच्या मागे प्रमाणित वजनं, वीस-वीस किलोचे लोखंडी ठोकळे आणि पितळेची लहान वजनं मखमलीच्या पेटीत. माणूस इतका नेमका की वेळ विचारली तर "अकरा" म्हणणार नाही, "दहा अठ्ठावन्न" म्हणेल. व्हॅनचे मागचे दोन्ही ब्रेक अडकत होते. कॅलिपर काढून आप्पांकडे दिले, आप्पांनी पाच दिवस घेतले (पूर्वी दोन घ्यायचे), आणि बुधवारी दुपारी आत्या ते बसवायला उभी राहिली.

उभी राहिली हे महत्त्वाचं. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत ती उतरायची. जमिनीत खणलेल्या खड्ड्यावर गाडी उभी करायची आणि पायऱ्यांनी खाली जाऊन वर बघत काम करायचं, अशी तिची तीस वर्षं गेली. शेवटी तिच्या मानेने संप पुकारला. मग दादाने दोन खांबांची लिफ्ट आणली, खड्ड्यावर जाड फळ्या टाकल्या, फळ्यांवर ऑइलचे डबे रचले आणि म्हणाला, "एक काम करू छोटी, आता तू खाली जायचं नाही. गाडीच वर जाईल." दादाचं प्रत्येक वाक्य "एक काम करू"ने सुरू होतं, मग ते काम तोच करणार असो किंवा दुसऱ्या कुणाला करायचं असो.

लिफ्टवर घेण्याआधी काटेवाल्यांनी व्हॅन रिकामी करायला लावली. "नऊशे किलो आहेत. पंचेचाळीस ठोकळे. मोजून ठेवा." ठोकळे भिंतीशी रांगेत लागले आणि व्हॅन हलकी होऊन वर गेली.

कॅलिपर बसले. आता नळ्यांत शिरलेली हवा काढायची. तेलात हवा राहिली तर पाय नुसती हवाच दाबत बसतो आणि ब्रेक लागत नाही. हे दोन माणसांचं काम. दादा वर व्हॅनमध्ये पेडलवर, आत्या खाली चाकाशी, हातात पान्हा, हवा काढायच्या स्क्रूला प्लास्टिकची नळी, नळी बाटलीत.

"दाब!"

"दाबलं!"

"धर!"

"धरलं!"

"सोड!"

"सोडलं!... छोटी, वरून तुझं टक्कल दिसतंय."

"तिथे टक्कल नाहीये, ग्रीस आहे. दाब!"

मागच्या चाकांतून तेल जरा बारीक येत होतं. पण बुडबुडे थांबले, पेडल मस्त कडक झालं. दादा वरून म्हणाला, "दगड आहे दगड." व्हॅन खाली आली. आत्या आत बसली, इंजिन चालू करायच्या आधी सवयीने पेडलवर पाय ठेवला, आणि पाय सरळ खाली गेला. उशीत जावा तसा.

तिने पाय उचलला. पुन्हा दाबलं. पुन्हा उशी.

व्हॅन वर. पेडल दगड. व्हॅन खाली. पेडल उशी.

"हिला चक्कर येते का खाली?" दादा म्हणाला.

आत्या मग एकेक गोष्ट तपासायला लागली. डावा कॅलिपर उजवीकडे गेलाय का? तसं झालं की हवा काढायचा स्क्रू खालच्या बाजूला येतो आणि हवा वरच कोंडून राहते. नाही, स्क्रू दोन्हीकडे वर होते. चकतीला दाबणारे पॅड तिरके बसलेत का? काढून बघितले, पाठीवरचा उंचवटा पिस्टनच्या खाचेत नीट बसलेला. हँडब्रेकची तार ओढून धरतेय का? ती सैल केली, पुन्हा जुळवली. कुठे गळतंय का? चारी चाकांखाली वर्तमानपत्र पसरलं आणि सगळ्यांनी अर्धा तास ते वर्तमानपत्र वाचलं. कोरडं ठणठणीत. प्रत्येक वेळी पुन्हा व्हॅन वर, पुन्हा "दाब, धर, सोड", पुन्हा दगड, पुन्हा खाली, पुन्हा उशी. दादाचं "दाबलं" हळूहळू "दाबलं बाई" झालं आणि शेवटी नुसता "हं".

तोवर टायरवाला दारात येऊन उभा होता. त्याला गाडी बिघडल्याचा वास येतो. "मी काय म्हणतो आत्या," तो म्हणाला, "मागच्या रबरी नळ्या चिमट्याने आवळून बघा ना. तेल मागे जाणंच बंद. मग पेडल कडक झालं तर समजायचं, भानगड मागेच."

हे आत्याला ठाऊक होतं. ती मुद्दाम करत नव्हती, कारण उत्तर काय येईल याची तिला भीती होती. पण आता सगळ्यांनी ऐकलं होतं. ती पुठ्ठ्यावर आडवी झाली, जमिनीवरच्या व्हॅनखाली सरकली, मागच्या दोन्ही नळ्या चिमट्यांनी आवळल्या. "दाब."

दादाने दाबलं. पुन्हा एकदा दाबून बघितलं. मग म्हणाला, "कडक आहे."

"म्हणजे मागेच," टायरवाला म्हणाला. "आणि मागे नवीन काय, तर कॅलिपर. मी आपलं सांगितलं हां."

खिडकीपाशी आप्पा बसले होते. त्यांच्या कानाचं ऑपरेशन खरंच झालेलं नव्हतं. ते उठले, ब्रश पुसला, खणात ठेवला. चिमटा पुसला, खणात ठेवला. मग चष्म्याचे डबे एकावर एक रचायला लागले.

दादाला ते बघवेना. तो हळूच म्हणाला, "एक काम करू छोटी. नवी जोडी आणतो. दुकान सहापर्यंत उघडं आहे. यांना उद्या सकाळी निघायचंय."

"सव्वासहाला," काटेवाले म्हणाले. "सकाळच्या."

"थांब जरा."

"छोटी, तिकडे बघ..."

"बघितलं मी. थांब म्हटलं ना." आत्या पुठ्ठ्यावरच बसून होती, गुडघे पोटाशी, हाताला तेल. "मला एक सांग. कॅलिपर खराब असतील तर वर पण खराब, खाली पण खराब. ही वर गेली की शहाणी होते, खाली आली की वेडी. आप्पांच्या कॅलिपरला उंची कशी कळते?"

टायरवाल्याकडे उत्तर होतं, पण त्याने तोंड उघडायच्या आत आत्याने व्हॅन पुन्हा वर घ्यायला लावली.

या वेळी तिने पान्हा घेतलाच नाही. हात मागे बांधून ती व्हॅनखाली फिरत राहिली, एखाद्या नव्या घरात भिंती बघत फिरावं तशी. ही व्हॅन तिने खड्ड्यातून दहादा बघितली होती. हिचं पोट तिला स्वतःच्या फडताळासारखं पाठ होतं. पण फडताळात कुणीतरी डबा हलवला की काय हललं ते आधी कळत नाही, काहीतरी हललंय एवढंच कळतं. आत्याला तेवढंच कळलं होतं. टॉर्च मागच्या चाकांना जोडणाऱ्या ॲक्सलवरून पुढे आला, मागे गेला, पुढे आला.

"हे असं खाली कधी होतं?" ती स्वतःशीच म्हणाली.

एक बोटभर जाडीची दांडी होती. एक टोक ॲक्सलला, स्प्रिंगमधून, आणि दुसरं वरच्या चौकटीवरच्या एका लहानशा धातूच्या ठोकळ्याला. त्या ठोकळ्यातून मागच्या ब्रेकची नळी जात होती. गाडी रिकामी असली की मागे तेलाचा जोर कमी सोडायचा, भरली की जास्त, एवढंच त्याचं काम, नाहीतर रिकाम्या गाडीची मागची चाकं ब्रेक मारताच घसरतात. हे आत्याला माहीत होतं. पण खड्ड्यातून बघताना ही दांडी नेहमी आडवी असायची. आज ती दमलेल्या हातासारखी खाली लोंबत होती, कारण ॲक्सलच खाली लोंबत होता, आणि चाकं हवेत होती.

"काटेवाले, इकडे या. हे काय आहे सांगा."

काटेवाले वाकले. चष्मा कपाळावर ढकलला, परत खाली घेतला. एक बोट दांडीखाली घालून ती अलगद उचलली, सोडली, पुन्हा उचलली. त्यांचा चेहरा दुकानात शिरल्यावर होतो तसा झाला.

"हा तर काटा आहे."

"काटा?"

"दांडी आहे, स्प्रिंग आहे. वजन आलं की दांडी वर, गेलं की खाली. चांगला केलाय हो कुणीतरी." त्यांनी दांडी पुन्हा हलवली. "पण आत्ता हा शून्याच्याही खाली आहे."

"शून्याच्या खाली म्हणजे?"

"रिकामी गाडी म्हणजे शून्य. याच्या दृष्टीने आत्ता वर गाडीच नाही."

आत्या एकदम सरळ उभी राहिली आणि तिचं डोकं सायलेन्सरला लागलं. ते चोळत चोळतच ती बोलत सुटली. "मग हा मागचं तेल जवळजवळ बंदच करणार ना! दादा, तू वर बसून दाबत होतास ना, ते नुसते पुढचे ब्रेक. मागे नुसती बारीक धार, जोर जातच नव्हता. म्हणून दगड! मागची हवा मागे तशीच. खाली उतरवली की दांडी आडवी, रस्ता मोकळा, आणि तुझा पाय थेट त्या हवेवर. म्हणून उशी!"

दादा व्हॅनच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून ऐकत होता. त्याचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्या लिफ्टमुळे."

"लिफ्ट काय करेल बिचारी? खड्ड्यात काम करताना गाडी आपल्या पायांवर उभी असायची, म्हणून हे कधी दिसलंच नाही. चल उतर. ते डबे हलव."

"कुठले?"

"खड्ड्यावरचे."

"मान?"

"मानेला मी समजावते."

ऑइलचे डबे हलले, फळ्या उचलल्या, खड्ड्यातून दोन महिन्यांची कुबट हवा वर आली. व्हॅन त्यावर उभी राहिली. खरं तर चाकं जमिनीवर टेकली एवढंच पुरलं असतं, पण आत्या म्हणाली, काट्याच्या मनात कसलीही शंका राहायला नको. म्हणून ठोकळेही आत भरले. भिंतीपासून व्हॅनपर्यंत माणसांची रांग लागली. दादा, टायरवाला, दादाची लेक, आणि दाराशी काटेवाले, मोजत. "एकोणतीस. तिरका नको. तीस. मी म्हटलं तिरका नको." पंचेचाळिसावा ठोकळा चढेपर्यंत टायरवाल्याला, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, काही सांगावंसं वाटत नव्हतं.

आत्या खाली उतरली. "दाब!"

"दाबलं!"

आणि नळीतून तेल बारीक आलं नाही, फुसकन उडालं. मध्ये एक भलामोठा बुडबुडा, भरपेट जेवून दिलेल्या ढेकरासारखा. मग छोटे छोटे. मग नाहीच. दुसरी बाजू. पुन्हा ढेकर. पेडल खाली जात होतं ते अर्ध्यावर थांबलं, मग पाऊण उंचीवर, मग दादाने नुसतं पेडल दोनदा पायाने ठोकून दाखवलं. टक्, टक्.

डब्यांचा आवाज थांबला होता. आप्पा वळून बघत होते. त्यांच्या हातात सातवा डबा तसाच होता.

आत्या वर आली, हात पुसले, चावी घेतली. फेरी बाकी होती. ती व्हॅनमध्ये चढत असताना भाची खिडकीशी लोंबकळली. "आत्या, पैज. तू परत आलीस की आप्पा भाषण ठोकणार. आधी टायरवाल्याला, मग बाबांना. 'माझ्या कॅलिपरला नावं ठेवता?' मी आत्ताच पाठ करून ठेवते."

"एक शब्द बोलणार नाहीत ते कॅलिपरबद्दल."

"लागली?"

"लागली. मी हरले तर तुझ्या वाटची भांडी आठ दिवस मी घासेन. तू हरलीस तर आठ दिवस कुणाची नक्कल करायची नाही. कुणाचीच."

"आप्पांची पण नाही?"

"टायरवाल्याची पण नाही."

हे फार होतं. पण भाचीने हातावर हात मारला, कारण आप्पांचा चेहरा तिला दिसत होता आणि त्या चेहऱ्यात एक अख्खं भाषण गच्च भरलेलं होतं.

व्हॅन नऊशे किलो वजन घेऊन भिंतीपर्यंत गेली. सात वेळा थांबली. सातव्यांदा इतकी जागच्या जागी की टायरवाला "आई गं" म्हणाला. वळली, परत आली, दारात उभी राहिली. आत्याने इंजिन बंद केलं. तिच्या तोंडाकडे बघून सगळ्यांना कळलं, आणि सगळी तोंडं एकदम खिडकीकडे वळली.

आप्पांनी व्हॅनकडे बघितलं. मग टायरवाल्याकडे. टायरवाल्याने एक पाऊल मागे घेतलं.

आप्पांनी सातवा डबा उघडला, आत बघितलं, खणातून ब्रश काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी टेबलाखालच्या रॉकेलच्या डब्यात हात घालून एक काळाकुट्ट, गंजलेला कॅलिपर बाहेर काढला. तिथे तो चार महिने भिजत पडला होता.

"ऐक," ते म्हणाले.

आत्या तिकडे गेली.

"याचा पिस्टन कुठे ठेवलास?"

आत्याने पिस्टन आणून दिला. आप्पांनी त्यावरून एकदा बोट फिरवलं, एकदा डोळ्यांजवळ धरून बघितला, आणि दिवा लावायला सांगितला. त्यापुढे ते त्या दिवशी काही बोलले नाहीत.

आज पैजेचा तिसरा दिवस आहे. सकाळी काटेवाले सहज डोकावून गेले, टायरवाला दोनदा येऊन काहीतरी सांगून गेला, दादाने जेवताना चार वेळा "एक काम करू" म्हटलं. भाची प्रत्येक वेळी तोंड मिटून बसली होती. लिहायचं नाही, असं मात्र पैजेत ठरलं नव्हतं.